चाळीस वर्षांपूर्वीची मर्सिअन, निगडीच्या रस्त्यावर

खोक्यातून सायकलची फ्रेम बाहेर काढली तेव्हा मी आधी रंग पाहिला नाही. हेड ट्यूब म्हणजे हँडलखालची उभी नळी. तिच्या खालच्या लगचं, म्हणजे सांध्यावरच्या बाहीचं, टोक शोधलं आणि त्यावरून नख फिरवलं. नख अडलं नाही. लग संपते कुठे आणि नळी सुरू होते कुठे, ते डोळ्यांना दिसत होतं, पण नखाला कळत नव्हतं. मग मी फ्रेम बाकावर ठेवली, हात धुऊन आलो आणि पुन्हा सावकाश बघायला बसलो.

भोसरीत माझं छोटं टूलरूम आहे. जॉब हातात आला की आधी नख, मग व्हर्नियर, ही तीस वर्षांची सवय. त्यामुळे हे परीक्षण सायकलपटूचं कमी आणि फिटरचं जास्त होईल. पण जुन्या रोड बाईकचं देखणेपण नेमकं कशात असतं, हे फिटरच्या बाजूने कुणी लिहिलेलं मला वाचायला मिळालं नाही, म्हणून लिहितो आहे. गेल्या दीड वर्षात या सायकलवर साडेचार हजार किलोमीटर झाले आहेत. सांगण्याइतकी ओळख आता झाली आहे.

सायकल आहे मर्सिअन कंपनीची, मॉडेल किंग ऑफ मर्सिया, १९८२ सालची. मर्सिअन ही इंग्लंडमधल्या डर्बी गावची कंपनी, १९४६ पासूनची. माझा भाचा तिथे विमानाच्या इंजिनांच्या कारखान्यात नोकरीला आहे. दर दिवाळीला तो विचारायचा, "मामा, काय आणू?" आणि मी दरवेळी म्हणायचो, "काही नको, तू ये." एका वर्षी मात्र सांगितलं की जुनी मर्सिअन फ्रेम कुठे मिळते का बघ, ५६ सेंटिमीटरची. त्याने एका निवृत्त गृहस्थांकडून घेतली. पहिल्या खेपेला फ्रेम आणि फोर्क आणला, दुसऱ्या खेपेला बाकीचे भाग. विमानतळावरच्या सरकत्या पट्ट्यावर ते लांबट खोकं आलं तेव्हा मी काचेपलीकडून पाहत होतो.

आता लगबद्दल. लग म्हणजे नळीवर चढवलेली पोलादाची बाही. दोन नळ्या जिथे एकमेकींना भेटतात, तिथे दोघी या बाहीत शिरतात. बाही आणि नळी यांच्यात कागदाएवढी फट राहते. सांधा तापवून तिथे पितळ वितळवलं की ते स्वतःहून त्या फटीत शोषलं जातं, दिव्यातलं तेल वातीत चढतं तसं. बऱ्याच ठिकाणी हे काम हातातल्या टॉर्चने करतात. मर्सिअनची ओळख म्हणजे तिथली खुली भट्टी. विटांच्या चुलीवर सांधा ठेवायचा, गॅस आणि हवेच्या ज्वाळा दोन्ही बाजूंनी सोडायच्या आणि सगळा सांधा सावकाश, सारखा तापू द्यायचा. पितळ वाहायला नऊशे अंशांच्या आसपास जावं लागतं. पातळ नळीचा एकच भाग भसकन लाल केला तर ती तिथे कमकुवत होते. ज्याने कधी कार्बाइडची टीप ब्रेझ केली, म्हणजे अशीच वितळत्या पितळाने जोडली आहे त्याला हे सांगायला नको.

माझ्या फ्रेमच्या लगांवर नक्षी नाही. मर्सिअनच्याच व्हिन्चितोरे मॉडेलला वेलबुट्टीसारख्या कोरलेल्या लगा असतात. त्या फोटोत सुंदर दिसतात, पण मला साधी लगच आवडते. लांब, निमुळतं टोक आणि कडेला कानशीने घासून आणलेली पातळ धार. ही धार फक्त शोभेची नाही. जाड बाही अचानक संपली तर जोर नेमका त्या रेषेवर येतो आणि नळी तिथे थकते. टोक निमुळतं करून कड पातळ केली की ताकद हळूहळू उतरत जाते. म्हणजे डोळ्याला जे सुबक वाटतं ते नळीलाही सोसतं. कुणीतरी माणूस शिकंज्यासमोर उभा राहून अर्धगोल कानशीने हे करत होता आणि किती घासायचं हे त्याच्या हाताला माहीत होतं. माझ्याकडे येणाऱ्या पोरांना मी ही लग दाखवतो. आधी बोट फिरवायला लावतो, मग विचारतो, सांधा कुठे लागला?

लगच्या कडेने सोनेरी रेघ आहे, जेमतेम एक मिलिमीटरची, ब्रशने ओढलेली. सीट लगच्या, म्हणजे सीटखालच्या सांध्यावरच्या बाहीच्या, डाव्या बाजूला एका ठिकाणी ती रेघ किंचित जाड झाली आहे. तिथे ब्रश क्षणभर थांबला असणार. मला ती जागा सगळ्या फ्रेममध्ये सर्वांत जास्त आवडते.

नळ्या रेनॉल्ड्स ५३१ च्या. रेनॉल्ड्स ही बर्मिंगहॅमची कंपनी, मुळात खिळे बनवणारी. नळीचं टोक जाड आणि मधला भाग पातळ ठेवण्याच्या युक्तीचं पेटंट तिने १८९७ मध्ये घेतलं. सांधा टोकाशी असतो, तिथे माल हवा. मध्ये तो निव्वळ वजन. ५३१ हे मँगनीज आणि मॉलिब्डेनमचं पोलाद १९३५ मध्ये आलं आणि पुढची चाळीसेक वर्षं चांगली सायकल म्हणजे ५३१ असंच समीकरण होतं. जग्वार ई-टाइप मोटारीच्या पुढच्या सांगाड्यातही याच नळ्या आहेत. सीट ट्यूबवर तो हिरवा-सोनेरी स्टिकर अजून आहे, एक कोपरा उडालेला. वरची नळी बरोबर एक इंच, म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि खालची २८.६. आजच्या फ्रेमशेजारी ठेवली तर या नळ्या काडीसारख्या वाटतात. माझ्या मते जुन्या सायकलचं रूप निम्मं इथेच ठरतं. नळी बारीक, त्यामुळे मधली मोकळी जागा मोठी. वरची नळी जमिनीला समांतर, त्यामुळे सायकल उभी असतानाही स्थिर दिसते. आणि फोर्क, ज्याला आपल्याकडे सायकलवाले चिमटा म्हणतात, तो खाली जाता जाता हळूच पुढे वळलेला. हे वळण सगळ्या लांबीत सारखं नाही. वर जवळजवळ सरळ, शेवटच्या एक वीतभर भागात वाढत जाणारं. नवीन सायकलला बहुतेक सरळ फोर्क असतात. ते नीट काम करतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण दुपारच्या उन्हात भिंतीवर या फोर्कची सावली पडते तेव्हा मी हातातलं काम ठेवून बघतो.

माझी मुलगी कार्बनची सायकल चालवते. तिची साडेसात किलोची, माझी सगळं धरून १०.३. तिच्या सायकलच्या सगळ्या केबल हँडलच्या आतून जातात, बाहेर एक तार दिसत नाही. ती म्हणते, "बाबा, क्लीन लुक तर हा आहे." दिसायला आहेच. पण तिच्या हेडसेटचं, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते, बेअरिंग गेलं तेव्हा ब्रेकची हायड्रॉलिक नळी सोडवल्याशिवाय ते निघेना. नळी पुन्हा जोडून, तेल भरून, हवा काढून होईस्तोवर दोन दिवस गेले. माझ्या हेडसेटमध्ये सुटे छर्रे आहेत. दोन पान्हे, थोडं ग्रीस आणि रविवारचा पाऊण तास. मला स्वच्छ दिसणं म्हणजे हे वाटतं, की कुठला भाग कशाला धरून आहे ते बाहेरून वाचता यावं.

भागांबद्दल लिहायचं तर मागच्या डिरेलरवर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागावर, मी एक वेगळा लेख लिहू शकेन. कॅम्पान्योलो नुओवो रेकॉर्ड. कॅम्पान्योलो ही इटलीतल्या विचेन्झाची कंपनी, १९३३ पासूनची. हा डिरेलर १९६७ मध्ये आला. त्याच्या आधीचा रेकॉर्ड पितळी जातीच्या धातूचा, क्रोम चढवलेला आणि जड होता. हा ॲल्युमिनियमचा. हातात घेतला तर चार पट्ट्या, चार खिळी, दोन लहान चाकं आणि स्प्रिंग. एवढंच. वरच्या पट्टीवर ‘पेटंट-८१’ असं उठवलेलं आहे. हा आकडा कंपनी जवळजवळ दरवर्षी बदलायची, त्यामुळे भाग कोणत्या साली बनला ते कळतं. फ्रेम ८२ ची आणि डिरेलर ८१ चा, म्हणजे जोडी शोभते. अक्षरं उथळ आहेत पण कडा तीक्ष्ण आहेत. पॉलिश आरशासारखं नाही. बफिंगनंतर थोडं थांबल्यासारखं, चांदीच्या जुन्या ताटाला असतं तसं. प्रत्येक स्क्रू सुटतो. मी तो पूर्ण खोलून, रॉकेलमध्ये धुऊन पुन्हा बसवला आणि शेवटी हातात एकही जास्तीचा तुकडा उरला नाही.

चालवायला तो आजच्या मानाने कसा, हेही सांगायला हवं. गिअरचे दोन लिव्हर खालच्या नळीवर आहेत, म्हणजे गिअर बदलायला हँडलवरचा एक हात सोडावा लागतो. टक-टक आवाज करणारे खाचांचे गिअर नाहीत. लिव्हर घर्षणावर थांबतो, तुम्ही नेऊन ठेवाल तिथे. मोठ्या चकतीवर जाताना लिव्हर थोडा जास्तच ओढायचा, चेन चढली की केसभर सोडायचा. पहिले पंधरा दिवस चेन खरखरत होती. मग हाताला समजलं. आता मी आवाजावर गिअर लावतो, लेथवर कट बरोबर चालला आहे की नाही ते जसं कानाने कळतं तसं.

चढावर मात्र दम निघतो. हा डिरेलर मागे २६ दात्यांपर्यंतचाच आहे. पुढचा क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, तोही कॅम्पान्योलोचा. त्याचे पाच बोल्ट १४४ मिलिमीटरच्या वर्तुळावर बसतात, त्यामुळे आतली चकती ४१ दात्यांपेक्षा लहान बसतच नाही. माझी ४२ ची आहे. म्हणजे सर्वांत हलक्या गिअरमध्येही पायडलच्या एका फेरीला सायकल ३.४ मीटर पुढे जाते. मुलीच्या सायकलचं हेच अंतर सव्वादोन मीटर आहे. निगडीहून जुन्या हायवेने लोणावळ्यापर्यंत हे गिअर मजेत चालतात. कामशेतचा छोटा घाट उभं राहून निघतो. सिंहगडाला मी एकदा गेलो, गुडघ्यांनी दोन दिवस आठवण ठेवली, पुन्हा गेलो नाही. पन्नाशी ओलांडलेल्यांनी ही जोडी घेताना याचा विचार करावा. जुन्या रूपाला न दुखवता लहान चकत्यांचे क्रँक मिळतात. नवीन बांधणाऱ्याने तेच घ्यावेत असं मी सांगेन.

ब्रेक साइडपुल, म्हणजे केबल एका बाजूने ओढणारे; केबल हँडलवरून कमानीसारखी वर येऊन खाली उतरते. ती कमान दिसायला छान आहे. कोरड्या रस्त्यावर ब्रेक पुरेसा लागतो. पावसात रिम भिजली की पहिली एक-दोन फेरी काहीच होत नाही, मग पकडतो. गुलाबीसर रंगाचे कूल-स्टॉपचे ब्रेक पॅड टाकल्यावर बराच फरक पडला. तरी जुलै-ऑगस्टात मी ही सायकल उतारावर नेत नाही.

आणि ज्या गोष्टीबद्दल सगळे विचारतात ती. पोलादाची सायकल मऊ चालते म्हणतात, ते खरं का? माझं मत असं की खरं श्रेय टायरला जातं. मी २८ मिलिमीटरचे तपकिरी बाजूंचे टायर लावले आहेत आणि हवा बेताची ठेवतो. सोमाटण्याच्या पुढे रस्त्यावर ज्या पांढऱ्या रम्बलर पट्ट्या आहेत, त्यांवरून जाताना मान खाली घालून बघितलं तर फोर्कची टोकं बारीक थरथरताना दिसतात आणि ती थरथर मनगटापर्यंत पूर्ण पोचत नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण टायरमध्ये हवा जास्त भरून त्याच पट्ट्यांवरून गेलो तेव्हा हात झिणझिणले. म्हणून या कारणासाठी कुणी पोलादी सायकल घेऊ नये. रूपासाठी घ्या, दुरुस्त करता येते म्हणून घ्या.

दुरुस्तीवरून एक अनुभव. सायकल जोडताना मला हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं, जोर लावायला मनाई होती. म्हणून बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पायडलच्या आसाचं बेअरिंग, बसवायला फ्रेम एका सायकल दुरुस्तीवाल्याकडे दिली. हे बेअरिंग दोन बाजूंच्या आट्यांच्या कपांत बसतं. इंग्लिश पद्धतीत उजव्या बाजूच्या कपाचे आटे डावे असतात, म्हणजे तो उलटा फिरवून घट्ट करायचा. इटालियन फ्रेमला दोन्ही बाजूंना सरळच आटे असतात. त्या गृहस्थांनी इटालियन भाग पाहिले आणि फ्रेमही तशीच समजून कप जोराने दामटला. मी पोचलो तेव्हा पहिले दीड आटे गेले होते. मी काही बोललो नाही, फ्रेम घेऊन आलो. इंचाला २४ आट्यांचा, १.३७ इंच व्यासाचा डावा टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, पुण्यात मिळेना. शेवटी एका जुन्या पोलादी कपालाच तीन खाचा पाडून, धार लावून त्याचा टॅप केला आणि हाताने, तेल सोडत, पाव-पाव फेरी करत आटे साफ केले. कप आता नीट बसतो. तुम्ही जुनी फ्रेम कुणाकडे देणार असाल तर उजव्या बाजूला खडूने बाण काढून द्या.

घेणाऱ्यांसाठी आणखी काही. जुना कॅम्पान्योलो क्रँक घेताना, जिथे फाटा मुख्य दांड्याला मिळतो त्या बगलेत तडा आहे का ते भिंगाने बघा. मागच्या हबची रुंदी विचारा. त्या काळी १२६ मिलिमीटर असायची, आजचं चाक त्यात बसत नाही. पोलादी फ्रेम थोडी फाकवता येते, पण ते जाणत्याकडूनच करून घ्या. माझी चाकं जुनी आहेत, ३६ तारांची, माविक एमए-२ रिमची. आऊट काढायला अर्धा तास लागला, त्यानंतर दीड वर्षात तारेला पान्हा लावलेला नाही. हबच्या मध्यावर तेल सोडायचं बारीक भोक आहे आणि त्यावर स्प्रिंगची पत्र्याची कडी. कडी नखाने सरकवायची, दोन थेंब सोडायचे, पुन्हा झाकायची. पावसाळ्याआधी फ्रेमच्या नळ्यांत उकळलेलं जवसाचं तेल फिरवून सायकल उलटी टांगून ठेवा, आतून गंज धरत नाही. ब्रूक्सची कातडी सीट घेतलीत तर प्लॅस्टिकची पिशवी सीटखाली कायम खोचलेली असू द्या. मी एकदा तळेगावात चहाला थांबलो, सर आली, आणि सीट भिजली. ती सावलीत सावकाश वाळवावी लागली आणि कातड्याला लावायच्या प्रूफाइड मलमाचा डबा अर्धा संपला.

खर्च सांगतो. फ्रेम-फोर्क ३५० पाउंडांना, बाकी भाग सुटे सुटे जमवत गेलो. सगळं मिळून लाखाच्या थोडं आत आलं. एवढ्यात नवी, चांगल्या गिअरची सायकल येते, आणि ज्याला वेग हवा आहे त्याने तीच घ्यावी. नवीन मर्सिअनही बनते. २०२४ मध्ये कंपनी गुंडाळणार असं जाहीर झालं होतं, तेव्हा भाच्याने रात्री फोन करून सांगितलं आणि मला खरंच वाईट वाटलं. त्याच वर्षी नव्या मालकांनी ती घेतली आणि काम पुन्हा सुरू झालं. मागणीप्रमाणे मापाची फ्रेम ते अजूनही हाताने करतात.

अशा सायकली चालवणारे जगात थोडे नाहीत. इटलीत गायोले इन कियांती इथे १९९७ पासून ‘लेरोइका’ नावाची राइड भरते. तिथे १९८७ पर्यंतच्याच सायकली चालतात, गिअरचे लिव्हर नळीवर हवेत, पायडलला पट्टे हवेत, ब्रेकच्या केबल बाहेर दिसायला हव्यात. माझी सायकल त्या नियमांत बसते. इतक्या लांब जाणं होईल की नाही माहीत नाही, पण कर्वेनगरमधल्या विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात मी तीनदा जाऊन आलो आहे. तिथे दुसऱ्या महायुद्धातली छत्रीधारी सैनिकांची घडीची बीएसए आहे. तिचे बिजागर बघायला तरी जा.

डिसेंबरमध्ये देहूरोडला एक खडा उडाला आणि मागच्या उजव्या नळीवरचा रंग तांदळाएवढा उडाला. भाचा म्हणाला, "मामा, पुढच्या वेळी फ्रेम घेऊन जातो. मर्सिअनवाले पूर्ण रंगवून, नवीन रेघा ओढून देतात." मी रात्री बॅटरी घेऊन सीट लगजवळची ती जाड झालेली जागा पुन्हा पाहिली. सकाळी त्याला नको म्हणून कळवलं. उघड्या पोलादावर मुलीचं बिनरंगी नेलपॉलिश दोन हात लावून ठेवलं आहे. गंज धरलेला नाही.